मगवरची बोली, तोंडातली बोली

ऑक्टोबर २०१७ मध्ये लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीचा अर्ज ऐकायला नकार दिला. आरोप गंभीर होता, आरोपी कृष्णवर्णीय तरुण होता आणि वाद एवढाच होता की पोलीस चौकशीत त्याने वकील मागितला होता की नव्हता. त्याच्या बोलण्याचा आशय असा : तुम्हा लोकांना हे मीच केलं असं वाटत असेल, आणि मी तर केलेलं नाही, तर मग मला एक वकीलच द्या ना, डॉग. या 'डॉग'चा कुत्र्याशी संबंध तितकाच, जितका आपल्या 'काय राव'चा राजेरजवाड्यांशी. 'भावा', 'मित्रा' या धर्तीचं ते संबोधन आहे. कृष्णवर्णीयांच्या बोलीतून निघालं आणि आता कुठल्याही कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानावर ऐकू येतं. पण लेखी नोंदीत 'लॉयर' आणि 'डॉग' यांच्यामध्ये स्वल्पविराम नव्हता. एका न्यायमूर्तींनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिलं की 'लॉयर डॉग'चा हा उल्लेख संदिग्ध आहे, त्याला वकिलाची मागणी म्हणता येत नाही.

न्यायमूर्तींच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचा भर केवळ त्या शब्दावर नव्हता. 'तुम्हाला असं वाटत असेल तर' या जर-तरच्या सुरुवातीवरही होता. पण त्यामुळे प्रकरण सुधारत नाही, उलट जास्त बोलकं होतं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नौदलातल्या एका खलाशाचा खटला आला होता. तो चौकशीत म्हणाला होता, मी कदाचित वकिलाशी बोलायला हवं. न्यायालयाने ठरवलं की 'कदाचित' म्हणजे मागणी नव्हे. मागणी स्पष्ट नसेल तर पोलिसांनी प्रश्न थांबवायची गरज नाही. त्याच्या आदल्याच वर्षी जॅनेट एन्सवर्थ या कायद्याच्या अभ्यासकाने येलच्या कायदेविषयक नियतकालिकात दीर्घ लेख लिहून सांगितलं होतं की अधिकारापुढे उभा असलेला माणूस थेट हुकूम सोडत नाही, तो आडवळणाने बोलतो. मानववंशशास्त्रज्ञ विल्यम ओ'बार यांनीही सत्तरच्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यायालयांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तेच पाहिलं होतं. ज्याची समाजात पत कमी, त्याच्या साक्षीत 'मला वाटतं', 'म्हणजे तसं', 'साहेब' यांची गर्दी. आणि ज्या साक्षीत ही गर्दी, ती साक्ष ऐकणाऱ्यांना कमी विश्वासार्ह वाटते. म्हणजे पोलिसासमोर नम्रपणे बोललं तर मागणी बुडते आणि यारी-दोस्तीत बोललं तरीही बुडते.

शाळेच्या व्याकरणात केवलप्रयोगी अव्यय सगळ्यांत शेवटी यायचं. शब्दांच्या आठ जातींतली आठवी जात, परीक्षेत एखाद्या गुणापुरती. 'शाबास, अरेरे, छे' एवढी यादी पाठ केली की झालं. या शब्दांचा वाक्याशी संबंध नसतो, असं पुस्तक सांगायचं, आणि व्याकरणापुरतं ते खरंही आहे. पण बोलणाऱ्याचा ऐकणाऱ्याशी जो काही संबंध असतो, तो बहुतेक सगळा या आठव्या जातीवर आणि तिच्या भावंडांवर उभा असतो : संबोधनं, पालुपदं, हुंकार, अडखळणं, वाक्याच्या शेवटी लटकणारं 'ना' नि 'हं'. माणूस कुठला, कोणाच्या घरचा, समोरच्याला किती मानतो, हे त्याच्या नामा-क्रियापदांपेक्षा इथे लवकर कळतं.

अमेरिकेबद्दल माझं म्हणणं असं : हा देश आपल्या प्रांतोप्रांतीच्या या लकबींवर मनापासून प्रेम करतो, पण त्या मगवर, टोपीवर, पायपुसण्यावर छापलेल्या असल्या तर. त्याच लकबी नोकरीच्या मुलाखतीत किंवा पोलीस ठाण्यात जिवंत माणसाच्या तोंडून निघाल्या की त्यांची किंमत वसूल केली जाते. ती किंमत किती, हे लकब कोणती यापेक्षा तोंड कुणाचं यावर ठरतं.

मिनेसोटाचंच घ्या. तिथला 'उफ्‌ दा' हा उद्गार नॉर्वेजियन. पाय ठेचकाळला, बर्फ पडला, बिल जास्त आलं, पोट फार भरलं, सगळ्याला 'उफ्‌ दा'. १८२५ ते १९२५ या शतकात आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेत आले आणि त्यांतले पुष्कळसे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, डकोटा या पट्ट्यात शेती करू लागले. नातवंडांची भाषा गेली, उद्गार राहिला. आज तो विमानतळावरच्या दुकानांत हातमोज्यांवर मिळतो. कोएन बंधूंच्या १९९६ च्या 'फार्गो' चित्रपटाने त्या भागाचं 'या' आणि 'यू बेचा' जगभर पोचवलं. कोएन स्वतः मिनेसोटाचे, तरी 'आम्ही असं बोलत नाही' म्हणून तिथल्या बऱ्याच लोकांना राग आला. काही वर्षांनी तेच लोक हौसेने तसं बोलून दाखवू लागले, पाहुण्यांसाठी.

हे सगळं गोडच आहे. पण शेजारच्या आयोवात २३ मे १९१८ रोजी काय झालं, ते त्या मगवर नसतं. महायुद्ध चालू होतं, जर्मनांविषयी द्वेष पेटलेला होता. गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं : शाळेत, रस्त्यावर, आगगाडीत, टेलिफोनवर, जाहीर भाषणात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालणार नाही, ज्यांना इंग्रजीत प्रार्थना करता येत नाही त्यांनी ती घरी करावी. नेम जर्मनांवर होता, पण नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सगळेच त्यात सापडले. टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल शेतकऱ्यांच्या बायकांना दंड झाले. युद्ध संपल्यावर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, फर्मान मागे घेतलं गेलं. पण घरात मुलांशी कोणती भाषा बोलायची, याचा निर्णय तोवर कित्येक घरांनी करून टाकला होता. भाषा जड होती म्हणून टाकून दिली, उद्गार हलका होता म्हणून खिशात राहिला. आज त्याला कुणी घाबरत नाही, कारण त्याच्यामागे आता घाबरावं असं काही उरलेलं नाही.

पिट्सबर्गची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. तिथे 'तुम्ही लोक'ला 'यिन्झ' म्हणतात आणि वाक्याच्या शेवटी 'अनॅट' जोडतात. त्याचा अर्थ साधारण 'वगैरे', 'आणि ते सगळं'. 'यिन्झ' अठराव्या शतकात अल्स्टरहून आलेल्या स्कॉच-आयरिश लोकांबरोबर आलं, असं मानतात. पोलादाच्या कारखान्यांच्या त्या गावात दोन-तीन पिढ्या सगळेच असं बोलत होते, त्यामुळे आपण काही खास बोलतो हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बार्बरा जॉनस्टोन यांनी या बोलीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. त्यांचा मुद्दा असा की 'पिट्सबर्गची बोली' नावाची वस्तू लोकांना दिसू लागली ती लोक गावाबाहेर पडू लागले तेव्हा. आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोलादाचा धंदा कोसळला, तशी माणसं घाऊक संख्येने बाहेर पडली. टेक्सासमध्ये, फ्लोरिडात नोकरी शोधायला गेलेल्या पोरांना कुणीतरी विचारलं, तू असा काय बोलतोस? त्या बोलीचं लोकप्रिय विनोदी पुस्तक १९८२ चं आहे, ही तारीख योगायोगाची नाही. मग टी-शर्ट आले. मग बटण दाबलं की 'यिन्झ'मध्ये बोलणाऱ्या बाहुल्याही आल्या. 'यिन्झर' ही एके काळी कामगार वस्तीतल्या अडाण्याला दिलेली शिवी होती. आता सॉफ्टवेअरवाला पोरगाही ती छातीवर मिरवतो.

कारखाने चालू असताना ही बोली गावंढळ होती. कारखाने बंद पडले तेव्हा ती वारसा झाली. अभिमानाला माझी हरकत नाही. उद्ध्वस्त झालेल्या गावाने काहीतरी धरून ठेवायला हवंच, आणि शब्दाला भाडं पडत नाही. पण या वारशाच्या वाटणीतही एक तिढा आहे. पिट्सबर्गच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत झालेले अभ्यास सांगतात की तिथले लोक 'पिट्सबर्गची बोली' म्हणजे गोऱ्यांची बोली समजतात. तेही त्याच गावात जन्मले, त्यांचे आजोबाही त्याच भट्ट्यांपुढे भाजले. पण टी-शर्टवर त्यांचं बोलणं नाही.

दक्षिणेकडे गेलं की प्रेम आणि शिक्षा एकाच वाक्यात भेटतात. दक्षिणी बोलणं उत्तरेच्या माणसाला 'गोड' वाटतं. 'ब्लेस युअर हार्ट' म्हणणारी आजीबाई तर पर्यटनाच्या जाहिरातीतलं पात्र झाली आहे. (त्या आशीर्वादात कधी खरी कणव असते, कधी 'काय अक्कल आहे बघा', आपल्याकडच्या 'बिच्चारी' या उद्गारालाही अशी दोन घरं असतातच.) दक्षिणेत 'माइट कुड' असं दुहेरी क्रियापद वापरतात. शाळामास्तर त्याला चूक म्हणतील. पण मार्गारेट मिशो आणि मायकेल माँटगोमेरी यांनी नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनात हे प्रयोग टिपले, तेव्हा ते समोरासमोरच्या नाजूक देवाणघेवाणीत दाटलेले दिसले : गिऱ्हाईक आणि दुकानदार, काही मागणारा आणि देणारा. एका शब्दाने जमणार नाही इतकी सवलत समोरच्याला द्यायची असते, म्हणून दोन. नकार द्यायला त्याला दार उघडं ठेवायचं, ते दोन्ही फळ्या उघडून.

हा गोडवा काय भावाने विकला जातो, ते पाहा. डेनिस प्रेस्टन यांनी मिशिगनच्या लोकांना नकाशा देऊन विचारलं की सर्वांत शुद्ध बोलणं कुठलं. त्यांनी आपल्याच राज्याला पहिला नंबर दिला आणि दक्षिणेला तळाशी बसवलं. याहून अस्वस्थ करणारा प्रयोग कॅथरीन किंझलर आणि जास्मिन डिजीझस यांचा, २०१३ चा. इलिनॉय आणि टेनेसी अशा दोन्हीकडच्या मुलांना त्यांनी उत्तरेचे आणि दक्षिणेचे आवाज ऐकवले. नऊ-दहा वर्षांची मुलं, दोन्ही राज्यांतली, म्हणाली की उत्तरेचा आवाज हुशार आणि 'साहेब' वाटतो, दक्षिणेचा प्रेमळ वाटतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांत हा समज अजून पक्का झालेला नव्हता. म्हणजे टेनेसीचं पोर चौथी-पाचवीत पोचेपर्यंत शिकतं की आपली आई प्रेमळ आहे आणि परगावची बाई हुशार.

त्याच टेनेसीत ओक रिज आहे. अणुबॉम्बसाठी युरेनियम तिथे समृद्ध केलं गेलं. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने कर्मचाऱ्यांसाठी 'दक्षिणी उच्चार कमी करण्याचा' वर्ग जाहीर केला. एका कर्मचाऱ्यानेच तो मागितला होता, असं प्रयोगशाळेचं म्हणणं. इतर कर्मचारी खवळले आणि वर्ग रद्द झाला. वर्ग रद्द झाला हे ठीकच. पण ज्या कुणाला तो हवासा वाटला, त्याचा हिशेब चुकीचा होता का? नऊ वर्षांच्या मुलालाही जो बाजारभाव ठाऊक आहे, तो एखाद्या संशोधकाला ठाऊक असला तर नवल कसलं?

दक्षिणेच्या आदबीचंही एक दुसरं पान आहे. 'येस सर', 'येस मॅम' तिथे लहान मुलांच्या जिभेवर असतं. लुइझियानाने तर १९९९ मध्ये कायदाच केला की प्राथमिक शाळेतल्या मुलांनी शिक्षकांना असंच म्हणावं. संस्कार म्हणून हे ठीक दिसतं. पण पिढ्यान्‌पिढ्या ही आदब एकाच दिशेने वाहत होती. गोरं पोरगं सत्तरीच्या कृष्णवर्णीय माणसाला 'बॉय' म्हणे किंवा फार तर 'अंकल', आणि त्या म्हाताऱ्याने पोराला 'सर' म्हणायचं. १९६३ मध्ये अलाबामातल्या गॅड्सडेनच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्कांची कार्यकर्ती साक्षीला उभी होती. गोऱ्या साक्षीदारांना 'मिस्टर', 'मिस' म्हणणारा सरकारी वकील तिला नुसतं 'मेरी' म्हणू लागला. ती म्हणाली, मला नीट संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी तिला कोर्टाच्या अवमानाबद्दल पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड सुनावला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. एका 'मिस'साठी वॉशिंग्टनपर्यंत जावं लागलं. गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्याला पाटलाच्या नातवाने अरे-तुरे करायचं, हे ज्या महाराष्ट्राने पाहिलं आहे, त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

आतापर्यंत मी सत्तेविषयी बोललो. पण सत्तेचा प्रश्न नसतानाही या लकबी माणसांची किती गल्लत करतात, ते कळल्याशिवाय सत्ता असताना काय होतं, ते पूर्ण कळत नाही. १९७८ च्या थँक्सगिव्हिंगला कॅलिफोर्नियात बर्कलीमध्ये सहा मित्रमैत्रिणी जेवायला जमल्या. त्यांत एक होत्या डेबोरा टॅनेन, ब्रुकलिनच्या, तेव्हा भाषाशास्त्राच्या विद्यार्थिनी. टेबलावर टेपरेकॉर्डर चालू होता. सहांपैकी तिघं न्यूयॉर्कचे ज्यू, दोघं कॅलिफोर्नियाचे, एक बाई लंडनमध्ये वाढलेली. त्या एका जेवणाच्या ध्वनिफितीवर टॅनेन यांनी प्रबंध लिहिला. त्याचं पुस्तक १९८४ मध्ये आलं.

जेवण छान झालं, असं सगळ्यांचंच मत. फक्त न्यूयॉर्ककरांना ते फारच छान वाटलं आणि इतरांना वाटलं की आपल्याला नीट बोलूच दिलं नाही. टेप ऐकल्यावर कारण कळलं. न्यूयॉर्कचे तिघं बोलणाऱ्याच्या बोलण्यावर बोलत होते. समोरचा वाक्याच्या मध्यावर असताना 'काय सांगतोस!', 'छ्या!', 'मग?' असे उद्गार आणि पटापट छोटे प्रश्न फेकत होते. त्यांच्या लेखी ते बोलणाऱ्याला दिलेलं प्रोत्साहन होतं. दुसरा न्यूयॉर्ककर त्यामुळे थांबत नव्हता, उलट आणखी जोरात सुटत होता. कॅलिफोर्नियाचा माणूस मात्र पहिल्याच उद्गाराला गप्प व्हायचा. त्याला वाटायचं, याला माझं ऐकायचं नाही. न्यूयॉर्ककराला वाटायचं, याला सांगायचंच नाही, म्हणून तो आणखी प्रश्न विचारायचा. एक जण ढकलत होता, कारण दुसरा थांबत होता. दुसरा थांबत होता, कारण पहिला ढकलत होता. आणि दोघंही शेवटी निष्कर्ष काढत होते तो स्वभावाविषयी : हा आगाऊ, तो घुमा.

भरल्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला यात न्यूयॉर्कचीच बाजू जवळची वाटेल, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे ऐकणारा 'हं... हं... हो का... अरे देवा' करत राहिला नाही तर सांगणाराच विचारतो, ऐकतोयस ना? पण इथे कुणाची रीत बरी, हा प्रश्नच नाही. सहा सुशिक्षित, एकमेकांवर माया असलेली, एकाच देशाची नाहीतर एकाच भाषेची माणसं, आणि टर्की कापेपर्यंत त्यांनी एकमेकांच्या स्वभावाचे निवाडे करून टाकले. त्या टेबलावर त्याची किंमत शून्य होती. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा भेटली असतील. हाच निवाडा जेव्हा मुलाखत घेणारा, घरमालक किंवा पोलीस करतो, तेव्हा पुढचा आठवडा येत नाही.

आता 'लाइक'. गेली चाळीस वर्षं अमेरिकेत एखादी लकब सगळ्यांनी मिळून झोडपली असेल, तर ही. १९८२ मध्ये फ्रँक झॅपा या संगीतकाराने आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या मुलींच्या बोलण्याची टिंगल करणारं गाणं केलं. टिंगल इतकी गाजली की बोलणंच देशभर पसरलं. तेव्हापासून वाक्यात दर दोन शब्दांनी 'लाइक' घालणारी मुलगी म्हणजे डोक्याने रिकामी, असं समीकरण आहे. अलेक्झांड्रा डार्सी यांनी या शब्दावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्या दाखवतात की तोंडी लावण्याचं हे 'लाइक' कॅलिफोर्नियातल्या पोरींनी शोधलेलंच नाही. इंग्रजीत ते त्यांच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या म्हाताऱ्यांच्या ध्वनिफितींतही सापडतं. मुलींचं नवं कर्तृत्व एवढंच की 'ती म्हणाली'च्या जागी त्यांनी 'शी वॉज लाइक' आणलं. आणि ते नकलेसाठी फारच सोयीचं आहे, कारण त्यात शब्दांबरोबर चेहराही सांगता येतो. २०१४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी रोजच्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. 'आय मीन', 'यू नो', 'लाइक' हे शब्द तरुण आणि स्त्रिया जास्त वापरतात, हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे की काटेकोर, विचारपूर्वक वागणाऱ्या स्वभावाच्या माणसांत ते जास्त आढळले.

रोनाल्ड रेगन उत्तराची सुरुवात मान किंचित कलती करून, 'वेल...' म्हणत करायचे. विचार करायला वेळ मिळवण्याची ती युक्ती होती, 'लाइक'पेक्षा वेगळं तिचं काम नव्हतं. नकलाकारांनी ती प्रेमाने उचलली. आजोबांचा शहाणपणा म्हणून ती खपली. २००८ च्या डिसेंबरात कॅरोलाइन केनेडी यांनी न्यूयॉर्कच्या रिकाम्या होणाऱ्या सेनेट जागेत रस दाखवला. एका मुलाखतीत त्या शंभराहून अधिक वेळा 'यू नो' म्हणाल्या. लोकांनी मोजदाद केली, चेष्टेला ऊत आला. इथे माझ्या मांडणीला एक ठेच लागते, आणि ती मान्य करायला हवी : केनेडी घराण्यातल्या बाईला पत कमी होती असं कोण म्हणेल? पैसा आणि नाव असूनही ही वसुली चुकत नाही. बाईचं अडखळणं अपुरेपणा आणि पुरुषाचं अडखळणं चिंतन, एवढी एक वर्गवारी घराण्याच्याही वर बसते.

बराक ओबामा यांचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. शपथविधीच्या काही दिवस आधी, जानेवारी २००९ मध्ये, ते वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या एका नावाजलेल्या खानावळीत गेले. सुटे पैसे परत करणाऱ्या गल्ल्यावरच्या माणसाला ते म्हणाले, 'नाह, वी स्ट्रेट', म्हणजे राहू दे, हिशेब झाला. तीन शब्द, पण काळ्या अमेरिकेने ते कान टवकारून ऐकले. पुढे त्यांच्या भाषेवरच्या एका पुस्तकाची सुरुवातच तिथून झाली. पुढच्या वर्षी उघड झालं की त्यांच्याच पक्षाचे सेनेटमधले नेते हॅरी रीड खासगीत म्हणाले होते, ओबामा निवडून येऊ शकतात, कारण त्यांच्या बोलण्यात काळ्यांची बोली नाही, हवी तेव्हाच ते ती आणतात. रीड यांनी माफी मागितली. निरीक्षण म्हणून ते चुकीचं होतं असं मात्र कुणाला म्हणता आलं नाही. ज्याला दोन्ही बोली येतात, त्याच्या तोंडी तीन शब्द मोहक. ज्याला एकच येते, त्याच्या तोंडी 'डॉग' संदिग्ध.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. काही ठिकाणी सगळ्यांनी ठरावीक शब्दच वापरावेत, यातच शहाणपण असतं. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून आलेलं अ‍ॅव्हिआंका कंपनीचं विमान न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कोसळलं आणि ७३ माणसं मेली. खराब हवेमुळे ते आकाशात घिरट्या घालत होतं आणि इंधन संपत आलं होतं. सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला इंधन संपत असल्याचं सांगितलं, पण ज्या शब्दाने सगळी यंत्रणा ताडकन उठली असती, तो 'इमर्जन्सी' हा शब्द त्याने उच्चारला नाही. नियंत्रकाच्या कानावर रोजची कुरकूर पडली. नियमाचे शब्द नियमाप्रमाणे न बोलल्याने काय होतं, याचं हे भयंकर उदाहरण. मग पोलीस चौकशीतही स्पष्ट शब्दांची अट घातली तर काय बिघडलं?

बिघडलं ते असं. विमानात दोन्हीकडच्या माणसांना तो शब्दकोश पढवलेला असतो आणि चूक टाळण्यात दोघांचंही हित असतं. चौकशीच्या खोलीत नियम फक्त एकाला ठाऊक असतो, आणि समोरच्याला तो ठाऊक नसण्यातच त्याचा फायदा असतो. 'लॉयर डॉग' ऐकून खरोखरच कुत्र्याची आठवण झाली, असं कुठला पोलीस शपथेवर सांगेल? न समजणं आणि समजून न घेणं यांतला हा फरक आहे, आणि समजून न घेण्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे. 'तुला वकील हवा आहे का, हो की नाही?' एवढा एक प्रश्न पोलिसाने विचारला की संदिग्धता संपते. १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणतं की असं विचारणं चांगलं, पण सक्तीचं नाही. चार न्यायमूर्तींना ते सक्तीचं असावं असं वाटत होतं. त्या मुद्द्यावर ते अल्पमतात राहिले.

समजून घेण्याचं ओझं कुणी उचलायचं, हा खरा सौदा आहे, आणि आपल्या पुण्यातल्या, ठाण्यातल्या पोरांनी तो अगदी जवळून पाहिला आहे. दोन हजारच्या दशकात कॉल सेंटरं वाढली, तेव्हा रात्रपाळीच्या आधी 'अ‍ॅक्सेंट न्यूट्रलायझेशन'चे वर्ग भरत. मालिकांचे भाग दाखवले जात, 'अ‍ॅब्सोल्यूटली', 'ऑसम', 'आय अंडरस्टँड' कुठे टाकायचं ते घोटून घेतलं जाई. मराठीतलं 'हं' आणि 'अच्छा' काढून टाकायचं, कारण तिकडच्या ग्राहकाला ते कळत नाही. त्या वर्गात जी अमेरिकन इंग्रजी शिकवली गेली, ती अमेरिकेत कुठेच बोलली जात नाही. तिला ना पिट्सबर्गचा शेपटा, ना दक्षिणेचा गोडवा, ना मिनेसोटाचा सुस्कारा. ज्या देशाला आपल्या प्रांतोप्रांतीच्या बोलींचा इतका लळा, त्याच्याशी बोलायला एका प्रांतहीन अमेरिकनाचा मुखवटा लागत होता.

ऐकण्याची बाजू तर त्याहून मजेची. फोनवर अलाबामाची आजी येणार, बोस्टनचा चिडलेला म्हातारा येणार, फिलाडेल्फियाचा पोरगा येणार आणि वस्तूचं नाव न सांगता 'तो जॉन चालत नाहीये' म्हणणार. तिकडे कुठल्याही वस्तूला 'जॉन' म्हणतात. हडपसरच्या मुलीने हे सगळं पहिल्या झटक्यात समजून घ्यायचं आणि परत विचारायचं नाही, कारण कॉल लांबतो. तिकडच्या ग्राहकासाठी मात्र एक तासाचाही वर्ग कधी भरला नाही. आता असं सॉफ्टवेअर निघालं आहे की बोलता बोलताच तिचा उच्चार बदलून पलीकडे पोचवतं. भारतातली काही कॉल सेंटरं ते वापरूही लागली आहेत. अलाबामाच्या आजीचा उच्चार बदलून हडपसरला पोचवायला कंपन्यांच्या रांगा लागलेल्या नाहीत.